विहिरीतल्या फळाचं नाव

झाडाच्या शास्त्रीय नावाला दोन भाग असतात, हे शाळेत सगळेच शिकतात. पहिला वंशाचा, दुसरा जातीचा. पण त्या दोन भागांच्या मागे, बारीक अक्षरात, आणखी काहीतरी छापलेलं असतं. ते आडनाव असतं. ज्यानं त्या झाडाला पहिल्यांदा नाव दिलं, त्याचं. परीक्षेत ते लिहिलं नाही तरी गुण जात नाहीत, म्हणून मुलं ते सोडून देतात. मी मात्र आधी तेच वाचायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आपलं आडनाव एखाद्या पुस्तकात छापलेलं असू शकतं, ही कल्पनाच मला नवी होती. आणि एकदा डोक्यात शिरली ती निघाली नाही.

एम.एस्सी.ला जालन्याच्या कॉलेजात असताना आमच्या सरांनी आम्हाला अश्मीभूत वनस्पतींचा नाद लावला. लाव्हाचा एक थर थंड झाला, वर तळं साचलं, झाडं उगवली, त्यांची फळं-खोडं गाळात पडली आणि मग दुसरा लाव्हा येऊन सगळं झाकून गेलं. त्या दोन थरांच्या मधला जो दगड, त्यात ती झाडं पेशीसकट दगड होऊन बसलेली असतात. सर हे इतकं साधं सांगायचे की जणू ते तळं परवापर्यंत बदनापूरच्या पलीकडे होतं.

तसला दगड मी गावी गेले की रोज बघत होते. तीर्थपुरीच्या पुढं आमचं गाव. अण्णा आणि तात्या, म्हणजे माझे वडील आणि चुलते, यांची शेतं वाटून झाली होती, पण मोसंबीसाठी दोघांनी मिळून नवी विहीर घेतली होती. यारी, म्हणजे छोटी क्रेन, लावून खालून जो माल वर काढला, त्यात काळ्या-पिवळ्या गारगोट्यांचा ढीग होता. त्यातली एक मी दिवाळीच्या सुट्टीनंतर पिशवीत घालून आणली आणि सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी ती ओली करून भिंगातून बघितली आणि पहिल्यांदाच मला "बसा" म्हणाले.

माझी मैत्रीण तेव्हा शेजारीच उभी होती. तिच्याबद्दल सांगायला हवं. तिच्या पणजोबांच्या वेळी त्यांचं घर राजस्थानातून जालन्यात आलेलं. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, बियाण्यांचं मोठं दुकान. ती मराठी आमच्यासारखीच बोलायची, फक्त राग आला, नाहीतर खूश झाली, की हिंदीत जायची. मी वसतिगृहात राहायचे आणि ती रोज डब्यात एक चपाती माझ्यासाठी जास्त आणायची. तिच्या पप्पांनी तिला घरी वापरायला सूक्ष्मदर्शक घेऊन दिला होता. ती चांगली होती. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढं मी जे लिहिणार आहे त्यात ते हरवून जाईल.

आम्हा दोघींनाही प्रकल्पासाठी दगड हवे होते. सर म्हणाले, "ठिकाण एक चालेल, पण प्रत्येकीनं आपापले नमुने घ्या. नाहीतर परीक्षक विचारतील, कोणाचं काम कुठलं?" म्हणून एका रविवारी मी तिला गावी घेऊन गेले. आईनं तिला ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला. ती डोळ्यातून पाणी काढत जेवली आणि "काकू, और एक" म्हणाली. आई जिंकली गेली. मला तेव्हाच थोडं टोचलं होतं. मी सुट्टीला आले तरी आई माझ्यासाठी चुलीजवळ इतकी घोटाळत नाही.

ढिगाशी बसून आम्ही हातोडीनं दगड फोडले, चांगले वाटले ते बाजूला काढले. मग वाटून कसे घ्यायचे यावर आमचं "तू घे, तू घे" सुरू झालं. अण्णा मोसंबीला पाणी देत होते, ते तिथून ओरडले.

"असं न्हाई करायचं! एकीनं वाटे पाडायचे, दुसरीनं उचलायचा. मी अन् तात्यानं तसंच केल्तं."

"म्हणजे काका?" मैत्रिणीनं विचारलं.

"जो वाटे पाडतो त्याला आधी उचलायचा हक न्हाई. म्हणून तो बराबर पाडतो. दुसऱ्याला उचलायला देतो. अन् एकदा उचलला की मंग दुसऱ्याच्या वाट्याकडं बघायचं बी न्हाई."

मग मीच वाटे पाडले, शेतकऱ्याची मुलगी म्हणून. मी अगदी मनापासून सारखे पाडले. ज्वारीचे दाणे पेरल्यासारखे ठिपके असलेले खोडाचे मोठे तुकडे दोन्हीकडे, काळे बारीक दगड दोन्हीकडे. तिनं डावा वाटा उचलला. का, तर तो तिच्या पायाजवळ होता.

हे इतकं तपशिलानं सांगते कारण नंतर कित्येक दिवस मी एकच शोधत होते, की दोष कुणाचा. आणि तो कुणाचाच नव्हता. वाटे माझ्याच हातांनी पाडलेले होते.

दगडातलं झाड बघण्याची पद्धत अशी आहे. आधी दगड कापून आणायचा. आम्ही तो फरशीवाल्याकडे कापून आणायचो. मग काचेवर कुरुंदाची पूड आणि पाणी टाकून तो गोल गोल घासायचा, आरशासारखा होईपर्यंत. मग सर हातमोजे घालून तो आम्लात जरासा बुडवून काढायचे. दगड किंचित झिजतो आणि पेशींच्या भिंती वर उभ्या राहतात. त्यावर एक पारदर्शक द्राव ओतायचा. वाळला की कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ पट्टी निघते, आणि तिच्यावर पेशी न् पेशी उमटलेली असते. मग पुन्हा घासायचं, पुन्हा पट्टी. दरवेळी दगड थोडा संपतो. म्हणजे आतलं फळ जसजसं आपल्याला कळत जातं, तसतसं ते उरत नाही.

माझ्या वाट्यात खोडं निघाली. सुंदर होती. मी पट्ट्या काढल्या, मापं घेतली, चित्रं काढली. सरांनी जुने लेख काढून दाखवले. ते खोड फार पूर्वी दुसऱ्याच जिल्ह्यात सापडलेलं, नाव दिलेलं, नावामागे आडनाव लागलेलं.

"काम उत्तम आहे," सर म्हणाले. "पण जात जुनी आहे. पहिलं नाव ज्याचं, त्याचंच राहतं."

मी सरांचे आभार मानले. मी आभार मानण्यात पटाईत होते. शिष्यवृत्तीच्या कारकुनाचे, वसतिगृहाच्या बाईंचे, कंडक्टरचे, सगळ्यांचे आभार मानतच मी तिथवर पोहोचले होते आणि ते सगळे खरे होते.

मैत्रिणीच्या काळ्या दगडात फळ निघालं. सुपारीएवढं, आत तीन कप्पे, प्रत्येकात एक बी. तिनं पहिली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला हाक मारली. मी डोळा लावला. तीन कप्पे असे स्वच्छ दिसत होते की कुणी आत्ता सुरीनं कापलं असावं. मी म्हणाले, "किती छान!" मी पाणी प्यायला बाहेर गेले.

सरांनी महिनाभर जुने लेख चाळले. तसं फळ कुठंही नोंदलेलं नव्हतं. वंश ओळखीचा, पण जात नवी. आता तिला नाव द्यायचं होतं, आणि त्या नावामागे माझ्या मैत्रिणीचं आडनाव कायमचं लागणार होतं. फळ आमच्या विहिरीतलं. दगड मी दाखवलेला. वाटा मी पाडलेला. रात्रंदिवस माझ्या डोक्यात हेच. मी तिच्या डब्यातली चपाती खायचे आणि घास तोंडात फिरायचा.

एके दिवशी ती धावतच आली. "ऐक, मी ठरवलंय. फळाला तुझ्या आडनावावरून नाव द्यायचं. सरांना विचारलं, ते चालेल म्हणाले. आपलं स्वतःचं नाव ठेवत नसतात, पण दुसऱ्याचं ठेवता येतं. खूश?"

मी "थँक यू" म्हणाले. तिनं मला मिठी मारली. तिच्या खांद्यावरून मला प्रयोगशाळेतला काचेचा दरवाजा दिसत होता आणि त्यात माझं हसणारं तोंड.

त्या दिवशी वसतिगृहात कपडे धूत असताना मला नीट कळलं की मला काय होतंय. ती मला देत होती. तिच्या पप्पांच्या दुकानात गेलं की ते "बेटा, बसो" म्हणत चहा मागवायचे, तसंच. देणारी ती आणि घेणारी मी. नावात माझं आडनाव असेल, पण ते तिनं ठेवलेलं असेल. मागचं बारीक आडनाव, ज्यानं काम केलं त्याचं, ते तिचंच. मला पुढं बसवून कौतुक करून घ्यायचं नव्हतं. मला मागं उभं राहायचं होतं.

लेख तयार होत आला तेव्हा सरांनी तो थांबवला. कारण फळाचा देठाकडचा भाग नव्हता. दगड तिथंच तुटलेला होता. "देठापाशी फुलाच्या पाकळ्यांचे अवशेष आहेत की नाहीत हे दाखवल्याशिवाय नवी जात म्हणता येणार नाही," सर म्हणाले. "परत पाठवतील." मैत्रिणीचा चेहरा उतरला. तिच्या वाट्यातले सगळे दगड तिनं पुन्हा फोडून बघितले. काही मिळालं नाही.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

पुढच्या रविवारी प्रयोगशाळेत मी एकटी होते. माझ्या वाट्यातले उरलेसुरले बारीक दगड घासून संपवावेत म्हणून बसले होते. एक काळा तुकडा काचेवर फिरवला, धुतला आणि थांबले. कडेला एक काळसर कमान होती. मैत्रिणीचा दगड खणातच होता. तो काढून मी शेजारी धरला. फुटलेली बशी जुळावी तसे दोन्ही तुकडे जुळले. गावी हातोडी बसली तेव्हा फळ देठापाशी तुटलं होतं, आणि मी मोठा तुकडा एका वाट्यात, छोटा दुसऱ्यात टाकला होता.

मी अण्णांना फोन लावला.

"अण्णा, वाटे पाडल्यावर एकाच्या वाट्यातलं दुसऱ्याच्या वाट्यात निघालं तर कुणाचं?"

अण्णांनी तिकडं कामाची माणसं थांबवली. मग, "तात्यानं काही म्हणलं का तुला?"

"नाही हो अण्णा! माझ्या दगडांचं विचारतेय."

"असं होय! मी म्हणलं, आता बांधाचं काय काढलं ह्यानं." त्यांनी श्वास सोडला. "ज्याच्या वाट्यात निघालं त्याचं. त्यात काय?"

"म्हणजे माझं."

"तुझं. पण ते हिरीतले दगड ना गं? हिरीचं येगळं असतं. वावर वाटलं, गुरं वाटली, हीर कुठं वाटली आम्ही? हीर सामाईकच ऱ्हाती. पाणी पाळीनं घ्यायचं. कधी तो मोटार चालू करतो, कधी मी. तो जल्दी करतो अन् माझी पाळी खातो, ते सोड."

"मग दगड कुणाचा?"

"मी मोसंबी तोडून राह्यलो बाई, माणसं थांबलेत. तुमचं तुम्ही बघा."

सोमवारी मी दोन्ही तुकडे जुळवून तिच्यासमोर ठेवले. ती आधी बघतच राहिली, मग किंचाळली. "कुठं मिळालं?"

"माझ्या वाट्यात."

"यार! दे ना इकडं."

मी तुकड्यावर हात ठेवला. "देते. पण माझं आडनाव नावात नको ठेवूस. नावामागं हवं. तुझ्या शेजारी. देठाचं काम मी करते."

तिला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिचा चेहरा लाल झाला. "मी पाच महिने घासतेय. हे बघ बोटं. मैं तुझे नाम दे रही थी! तुझ्या नावाचं फळ! कोण देतं असं?"

"म्हणूनच नको."

"धंदेवाले आम्ही, अन् भाव तू करतेस?"

"करते," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाकडून काही मागितलं होतं, आणि त्याआधी आभार मानले नव्हते.

ती सरांकडे गेली. मीही गेले. सरांनी दोघींचं ऐकलं, चष्मा काढून पुसला. "काम केलं तर नाव मागं येईल. पण मग पुढं येणार नाही. स्वतःच्या आडनावावरून जातीला नाव ठेवायला नियमांची बंदी नाही, पण लोक हसतात. तेव्हा पुढं की मागं, ते एक ठरवा. आणि एक सांगतो, पुढचं नाव लोक तोंडानं घेतात. मागचं कुणी वाचतही नाही."

"मी वाचते सर," मी म्हणाले.

त्यानंतर ती माझ्याशी बोलत नव्हती. डबा घेऊन ती दुसऱ्या बाकावर बसायची. मी देठाचा तुकडा घासत होते. तो अगदी लहान होता. जास्त घासला तर संपणार, कमी घासला तर दिसणार नाही. बोटांच्या टोकांची कातडी जाऊन हळदीच्या दुधाचा पेलाही हातात धरवेना. पहिल्या पट्ट्यांत नुसता डाग आला. मग एका पट्टीत देठाभोवती बारीक महिरप उमटली. पाकळ्यांचे अवशेष. मी नुसती सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाले.

ती उठून आली. "दाखव."

तिनं डोळा लावला. खूप वेळ डोळा उचललाच नाही. मग मान वर न करता म्हणाली, "माझ्या एकाही पट्टीत इतकं साफ आलं नाही."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, आणि ते मी लगेच ओळखलं, कारण गेले कित्येक महिने तेच मी गिळत होते. मला इतका आनंद झाला की लाज वाटली. दुपारी तिनं डबा माझ्यासमोर आपटला. "खा. भाव करणारी."

माझं आडनाव गेल्यावर फळाला नाव उरलं नव्हतं. सरांनी विचारलं, काय ठेवायचं? गावाचं ठेवावं तर ते वावर शेजारच्या गावाच्या शिवारात येतं, आणि त्या गावाचं नाव ठेवलं असतं तर आमच्या गावच्या चहाच्या टपरीवर अण्णांना बसणं मुश्कील झालं असतं. बोलता बोलता मी अण्णांचं म्हणणं सांगितलं, की वावर वाटतात, विहीर वाटत नाहीत. मैत्रीण म्हणाली, "मग विहिरीचंच ठेवू." सरांनी लॅटिनचा कोश काढला. विहिरीतलं, विहिरीचं, यासाठी त्यात शब्द होता. प्युटिॲलिस. सरांनी लेखावर आपलं नाव घातलं, पण जातीच्या नावामागं आम्हा दोघींचीच आडनावं ठेवली. पहिलं तिचं, दुसरं माझं.

लेख छापून आल्यावर मी गावी नेला. अण्णांनी हात पुसून कागद धरला.

"आपलं आडनाव कुठंय?"

मी बोट ठेवलं.

"एवढं बारीक? अन् हे आधीचं कुणाचं?"

"तिचं."

"का? दगड आपला ना?"

"तिनं जास्त दिवस काम केलं, अण्णा."

"मंग ठीके," ते म्हणाले. कागद घडी करून खिशात ठेवला. थोड्या वेळानं मोटार चालू करायला उठताना म्हणाले, "तरी पण."

ते "तरी पण" माझ्या रक्तातच असणार. आज मी आमच्याच जिल्ह्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. ही नोकरी मिळाली याचं मला रोज बरं वाटतं. मैत्रीण दूरच्या एका संस्थेत संशोधन करते. तिच्याकडे दगड कापायचं स्वतःचं यंत्र आहे. दर वर्षा-दोन वर्षांनी ती नव्या जातीला नाव देते आणि लेख मला फोनवर पाठवते. मी लेख उघडते, चित्रं सोडून देते आणि थेट नावाच्या मागं जाते. तिथं तिचं आडनाव असतं, आणि त्याच्या शेजारी दुसरंच कुणाचं तरी. तिच्या विद्यार्थ्याचं, सहकाऱ्याचं. मला वाटलं होतं मला तिच्या फळाचा हेवा वाटतो. आता फळांचं मला काही वाटत नाही. त्या शेजारच्या आडनावाचं वाटतं. कोण आहे हा? याची बोटं सोलली का? याला तिनं डब्यातलं काही दिलं का?

मागच्या महिन्यात असाच एक लेख आला. मी "अभिनंदन! खूप छान!" असं लिहून पाठवलं आणि रविवारी गावी गेले. तात्यांनी ढिगातले बरेच दगड उचलून बांधाला लावलेत, पण खालचा थर अजून शिल्लक आहे. मी हातोडी घेऊन बसले. बाटलीतलं पाणी टाकून एकेक दगड ओला केला, उन्हात धरला. काळे, बारीक, मैत्रिणीच्या फळासारखे दिसणारे तेवढे निवडले. निवडून झाल्यावर बघते तर मी सवयीनं त्यांचे दोन वाटे पाडलेले. अगदी सारखे.

मी त्यांचा फोटो काढला आणि तिला लिहिलं, "विहिरीतले आहेत. उचल." तिनं कोणताही उचलला तरी तोच चांगला होता असं मला वाटणार, हे माहीत होतं. तरी पाठवला.